कापसात बसून ऐकलेलं भजन

मी एक जुना शिळाछापाचा दगड आहे. मित्रांनो, दगड म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. एके काळी अकोल्यातलं एक अख्खं वर्तमानपत्र माझ्या पाठीवरून निघत होतं.

माझा जन्म दूरच्या खाणीतला. मला कापून, घासून गुळगुळीत केलं आणि नव्या आगगाडीतून अकोल्याला आणलं. कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं होती. स्टेशनावर जिकडे तिकडे रुईच्या गाठी रचलेल्या. मला उचलताना हमालांनी शिव्या घातल्या, तेव्हाच मला माझं वजन कळलं.

माझे मालक वामनराव. ते चिकट शाईने कागदावर मजकूर लिहीत. तो कागद माझ्यावर दाबला की अक्षरं माझ्या अंगावर उतरत. अंक निघाला की वाळू आणि पाणी टाकून मला घासत आणि मी पुन्हा कोरा होई. अंग दुखे खरं, पण त्याशिवाय नवा मजकूर धरता येत नाही.

वामनरावांना गाण्याचा भारी नाद. कुठे भजन झालं की त्यावर ते परखड लिहीत. गावोगावच्या चावडीवर एक जण वाची आणि सारे ऐकत. वामनरावांनी वाहवा केली तर भजन्याला चार गावांचं बोलावणं येई. मीही तेव्हा मनातल्या मनात मिरवत असे.

एका फाल्गुनात अकोल्याच्या कापूस बाजारात बार्शीटाकळीच्या पुंजारामचं खंजिरीभजन झालं. त्या तेजीच्या दिवसांत ज्याला मान द्यायचा त्याला कापसात बसवायचं, अशी व्यापाऱ्यांची तऱ्हा होती. वामनरावांसाठी त्यांनी तिन्ही बाजूंनी गाठी रचल्या, आत गादी घातली. पुढच्या अंकात वामनरावांनी लिहिलं, की पुंजारामचा आवाज बसला आहे आणि खंजिरी तर फुटक्या मडक्यासारखी वाजते.

ते वाचून अमरावतीच्या मंडळींनी अंबादेवीपुढच्या भजनाचं त्याचं बोलावणं मागे घेतलं. बार्शीटाकळीहून निरोपावर निरोप आले, की तुम्ही लिहिलंत ते चूक आहे. वामनराव चिडले. ज्यांना सूर कळत नाही त्यांनी नांगर धरावा, असं त्यांनी छापून टाकलं. मलाच ते अंगावर वागवावं लागलं.

मग एके सकाळी पुंजारामचा शेजारी जानराव बैलगाडी जुंपून छापखान्यात आला. वामनरावांनी त्याला बसा म्हटलं, पण तो उभाच राहिला.

"तुमाले गाणं समजते, हे आमाले कबूल हाय," तो म्हणाला. "पन आमी गाड्यायवर बसून आयकलं. आवाज खणखणीत होता. आमी काय खोटं बोलून राहिलो?"

"मग मी खोटं लिहिलं?" वामनरावांनी विचारलं.

जानराव एक पाऊल पुढे आला. "पुंजारामनं खंजिरी खुंटीले टांगली. तो म्हन्ते, छापून आलं म्हंजे माहाच आवाज गेला असंन."

वामनरावांनी लेखणी खाली ठेवली. आपलं मत कोणाला पटलं नाही तर ते वाद घालत. पण आपल्यामुळे एखादा माणूस गायचाच थांबेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी पुन्हा भजन ठेवायचं ठरवलं. जागा तीच, गाठी त्याच, आणि बार्शीटाकळीकरांनी गाड्यांवरच बसायचं. पुंजारामला जानरावाने जवळजवळ ओढूनच आणलं.

मी काही तिथे जाऊ शकत नव्हतो. पण छापखान्यात पुढे महिनाभर दुसरा विषयच नव्हता, म्हणून सगळं मला ठाऊक आहे. वामनराव गादीवर बसले. आवाज तसाच दबलेला, खंजिरी तशीच बद्द. आपलंच खरं ठरलं, हे जानरावाला सांगायला ते ऐटीत उठले आणि गाठींच्या बाहेर आले. दोन पावलं टाकली न टाकली तोच पुंजारामचा सूर त्यांच्या कानावर आदळला. ते परत आत गेले. सूर गेला. बाहेर आले, सूर आला. सगळा आवाज कापूसच गिळत होता. भजन संपेपर्यंत ते जानरावाच्या गाडीच्या जुवाला टेकून उभे होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातांनी घासलं. माझ्यावर मजकूर उतरला: 'मी मानाच्या जागी बसलो होतो. गाणे तेथवर पोचलेच नाही. वाचकांनी ऐकले तेच खरे.' तेव्हापासून प्रत्येक लेखात आपण कुठे बसून ऐकलं हे ते आधी सांगत, आणि ज्याला पटलं नाही त्याचं म्हणणं शेजारीच छापत. अमरावतीकरांनी पुन्हा बोलावलं आणि चैत्रात पुंजाराम अंबादेवीपुढे गायला. दोन्ही बाजू छापलेल्या अंकांच्या प्रती हातोहात खपत.

पुढे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, म्हणजे खिळ्यांचा छापखाना आला आणि मला विहिरीपाशी टाकलं. आज माझ्यावर कपडे आपटतात. वाईट वाटतं, पण माझा बाणा काही गेलेला नाही.

मित्रांनो, तुमचं म्हणणं कोणी खोडून काढलं तर आधी त्याच्या जागेवर जाऊन ऐका. आणि कधी सवड झाली तर मला तेवढं विहिरीवरून उचला, वाळूपाण्याने घासा. मी घासून घ्यायला कधीच घाबरलो नाही. माझ्या पाठीवर अजून पुष्कळ जागा आहे.