फेसाखालचे चेहरे

पौडला एसटी स्टँडमागं भैरूचं सलून आहे. आता सगळे नळीतलं जेल चोपडतात, पण भैरू अजून पितळी वाटीत साबणाची वडी ठेवतो आणि गरम पाण्यात भिजवलेल्या ब्रशनं फेस काढतो. मेंढ्या बायकोच्या हवाली करून धुळाजी आठवड्यातून एकदा तेवढ्यासाठी डोंगर उतरायचा. "जरा जास्त घोळव," म्हणायचा आणि डोळे मिटायचा. गालावर उबदार फेस चढत जाई, नाकात चंदन भरे. अंगाच्या मेंढरवासाचा तेवढा वेळ त्याला विसर पडे.

त्या सकाळी शेजारच्या खुर्चीत जमिनीची दलाली करणारा किशोर बसला होता. त्याला लिंबाचा साबण लागे. दोघं एकाच वयाचे, एकाच अंगकाठीचे. गळ्याखाली पांढरं कापड, डोळ्यांखाली नुसता फेस. भैरू वस्तऱ्यात पातं घालत होता, तेवढ्यात दोन पोरं कोयते घेऊन आत शिरली. बाहेरगावची होती. किशोरला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं.

"किशोर कोन?"

धुळाजीनं डोळे उघडले. समोरच्या आरशात त्याला दिसलं, किशोरनं कापडाखालून हात काढला आणि त्याच्याकडं बोट केलं.

पहिला घाव खांद्यात बसला. दुसरा अडवायला धुळाजीनं उजवा हात वर केला, तशी दोन बोटं तुटून आरशापुढच्या फळीवर पडली. किशोर फेसासकट दाराबाहेर पळाला. धुळाजी पडला नाही. त्यानं मारणाऱ्याच्या पोटात लाथ घातली, डाव्या हातानं त्याचे केस धरले आणि डोकं आरशावर आपटलं. आरसा फुटला तरी आपटत राहिला.

"मी किशोर न्हाई," एवढंच तो म्हणत होता.

भैरूनं उकळतं पाणी दुसऱ्याच्या तोंडावर फेकलं. तो किंचाळत रस्त्यावर गेला, तिथं रिक्षावाल्यांनी त्याला तुडवलं. भैरूनं धुळाजीला मागं ओढलं तेव्हा पहिल्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

काही दिवसांनी किशोर दवाखान्यात आला. धुळाजीची बायको तुकाबाई उशाशी बसली होती.

"जीव घाबरला माझा," किशोर म्हणाला. "काय करतोय ते कळलंच न्हाई."

"जवळ ये," धुळाजी म्हणाला.

तो वाकला, तसा धुळाजीनं डाव्या हातानं त्याचा गळा आवळला. किशोरचे डोळे बाहेर आले. तुकाबाई बराच वेळ हलली नाही. मग म्हणाली, "सोडा. ह्यो मेला तर तुमी आत जाल. मेंढरं मला एकटीला व्हायची न्हाईत."

त्यानं सोडलं.

हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा धुळाजीनं सगळं सांगितलं, पोराचं डोकं आपटलं तेही. "कोयता त्येंचा, बोट किशोरचं," तो म्हणाला. "दोनी लिवा."

तो पोरगा वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. धुळाजीवरही गुन्हा दाखल झाला. केस अजून चालू आहे. किशोरला तालुक्यात कुणी दारात उभं करेना. त्यानं ऑफिस बंद केलं.

धुळाजीनं दाढी वाढवली आहे. चंदनाचा वास आला की तो वाट बदलतो. परवा भैरूनं त्याला स्टँडवर गाठलं. "वाळ्याचा साबण आणलाय," म्हणाला. "थंड वास हाय. येऊन बघा."

"बघू कवातरी," धुळाजी म्हणाला आणि एसटीत चढला.