अजून काही करायचं नाही

फ्रेमवाल्याला फक्त डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. तीस वर्षं फोटोंच्या फ्रेमसाठी काच कापताना त्याची रेघ कधी चुकली नव्हती, पण त्या महिन्यात दोनदा चुकली. मोतीबिंदू काढायचं ठरलं, त्याआधी रक्त तपासलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "डोळ्याचं नंतर. आधी रक्ताच्या डॉक्टरांना भेटा."

रक्ताच्या डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत हव्यात, त्या अडतीस हजार निघाल्या होत्या. आणखी एक तपासणी झाली, आठवडा गेला, आणि त्यांनी दोघा नवरा-बायकोला समोर बसवलं.

"हा रक्ताचा कॅन्सर आहे. पण अगदी सावकाश चालणारा."

बायकोने पर्सचा पट्टा घट्ट धरला. "ॲडमिट कधी व्हायचं?"

"व्हायचं नाही."

"मग औषध?"

"आत्ता नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू. डोळ्याचं ऑपरेशन खुशाल करून घ्या."

बाहेर पायऱ्यांवर दोघं थांबली. "अगं, काही करायचं नाही असंच म्हणाल्या ना?" त्याने विचारलं.

"तसंच ऐकलं मी पण."

घरी आल्यावर तिने भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "ताई, हात टेकले असतील गं. तोंडावर कसं सांगणार?"

झालं! तेच दोघांच्या डोक्यात बसलं. फ्रेमवाल्याने अर्धवट फ्रेमा भराभर पुरत्या केल्या आणि नवीन काम घेणं बंद केलं. लग्नाचा फोटो घेऊन आलेल्या जोडप्याला त्याने दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. गंमत म्हणजे त्याला काहीच होत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती. बायको रोज सकाळी त्याची उशी निरखून बघायची.

"काय बघतेस?"

"केस गळतायत का ते."

"अगं, गळायला आहेत कुठे?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या गावात शाळेत शिकवणारी मुलगी हे कळल्यावर तडक आली. "बाबा, तुम्ही विचारलंत का, औषध का नाही ते?" नव्हतं विचारलं. तिने कागदावर प्रश्न लिहिले आणि दोघांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

"रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातला एक प्रकार बिघडलाय. त्या पेशी वेळेवर मरत नाहीत, कामही करत नाहीत, नुसत्या साठत जातात."

"मग मारा की त्यांना!" बायको म्हणाली.

"मारू. पण त्रास नसताना आधीच औषध दिलं तर आयुष्य वाढत नाही, हे बघून झालंय. औषधाचा त्रास मात्र आजपासून सुरू होईल. हिमोग्लोबिन उतरलं, गाठी वाढल्या, वजन घटलं, ताप येत राहिला, की सुरू करू. काहींना तर कधीच लागत नाही."

"म्हणजे हात टेकलेले नाहीत तुम्ही?" मुलीने विचारलं.

"टेकायला आधी हात लावावा लागतो. तो अजून लावलाच नाही!"

फ्रेमवाला खुर्चीत पुढे सरकला. "मी आजारी आहे की नाही, तेवढं सांगा."

"आहात. पण दुकान बंद ठेवण्याइतके नाही."

त्याला पटलं असं नाही. पण घरी बसून उशीची पाहणी करून घेण्यापेक्षा दुकान बरं, म्हणून त्याने ते उघडलं. डोळ्याचं ऑपरेशनही झालं, रेघ पुन्हा सरळ येऊ लागली. दर तीन महिन्यांनी आकडा थोडा चढायचा. चव्वेचाळीस, बावन्न, सत्तर हजार. दर वेळी बायको विचारायची, "आता?" आणि डॉक्टर म्हणायच्या, "अजून नाही."

सव्वादोन वर्षं अशी गेली. मग दाढी करताना मानेत गाठ हाताला लागली. स्टुलावर चढलं तरी त्याला धाप लागायची. हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं होतं.

"आता सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी आहे. रोज, घरीच घ्यायची. ताप आला तर लगेच यायचं. आणि काच कापताना हातमोजे घाला, या गोळीने रक्त लवकर थांबत नाही."

बायकोचा चेहरा उजळला. शेवटी काहीतरी करणार होते! फ्रेमवाल्याचा मात्र उतरला. काही करायचं नाही, याची त्याला कुठे आत्ता सवय झाली होती.

महिन्याने गाठ निम्म्यावर आली. दोघं खुशीत रिपोर्ट आणायला गेली. पांढऱ्या पेशी एक लाख दहा हजार.

"गोळी उलटली," म्हणत बायको बाकावर मटकन बसली.

डॉक्टरांनी मान तपासली, रिपोर्ट वाचला आणि त्या चक्क हसल्या. "गाठींत दडलेल्या पेशी रक्तात बाहेर आल्यात, म्हणून आकडा फुगलाय. गोळी लागू पडतेय. काही महिन्यांत उतरेल."

"म्हणजे वाढलं हे चांगलं?"

"या वेळी, हो."

"आणि मागच्या वेळी वाढलं होतं ते?"

"ते नव्हतं चांगलं."

"डॉक्टर," ती म्हणाली, "मला काहीही कळेनासं झालंय."

डॉक्टरांनी कोरा कागद ओढला आणि गाठ, रक्त, बाण असं काढून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती मान डोलावत राहिली. बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "चित्र छान काढतात."

पण आकडा खरंच उतरला. आठव्या महिन्यात तो तीस हजारांवर होता, हिमोग्लोबिन बारा, मानेत काही लागत नव्हतं.

"बरे झाले ना?" बायकोने विचारलं.

"आटोक्यात आहे. गोळी चालू ठेवायची."

"कधीपर्यंत?"

"लागू पडतेय तोपर्यंत."

त्या दुपारी दुकानात एक जुनं गिऱ्हाईक नकाशा फ्रेम करायला घेऊन आलं. "काय म्हणते तब्येत? काहीतरी ऐकलं होतं."

फ्रेमवाल्याने हातमोजे चढवता चढवता विचार केला. "आहे," तो म्हणाला. "पण बरं आहे."

गिऱ्हाइकाला ते नीटसं कळलं नाही. "असं होय," म्हणून त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि काच साधी हवी की चकाकी नसलेली, यावर दोघं बोलू लागले.