शंभूचं थायलंड

थायलंड

आकाशकंदील अजून उतरवायचा होता, आणि शंभूनं जेवताजेवता सांगून टाकलं, "औंदा बी जावं म्हणतोय. उड्या मारायला."

गौतमीनं त्याच्या ताटात भात वाढला. जरा जास्तच वाढला.

"कुटं?"

"बघू. थायलंड बरं पडतं."

झालं. याच एका शब्दावर कासारसाई गावानं अख्खं वर्ष काढलं होतं.

हिंजवडीच्या अंगाची जमीन विकली तेव्हापासून शंभूच्या हाताला काम नव्हतं. घरावर मजला चढवला, खोल्या काढल्या, भाडेकरू ठेवले. मोठी गाडी घेतली. गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी परत धुतली. मग वरच्या खोलीत दिग्विजय राहायला आला. पोरगा नांदेडचा, आयटीतला, आणि नाद कसला, तर विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायचा. मागच्या हिवाळ्यात तो शंभूला घेऊन थायलंडला गेला. रजा संपली तसा आठवड्यात परत आला. शंभू आला तो होळीला.

आता जमीन विकलेला माणूस थायलंडला कशाला जातो, हे मुळशीत कुणी कुणाला समजावून सांगत नाही. चारचौघं मिळून जातात, पाच दिवसांत येतात आणि फोनमधले फोटो विमानतळावरच पुसतात. हा एकटा राहिला, तोही हिवाळाभर. "उड्या मारतोय म्हणं," गावातला कुशाबा डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, "मारू द्या की! पॅराशूट हाय न्हवं संगं?" आणि डेअरी हसायची. गौतमी किटली घेऊन मागं उभी असली तरी हसायची.

तिनं मनाशी एकच ठरवलं होतं. उड्या खऱ्या असतील तर मारू दे बापडा. गाव म्हणतं ते खरं निघालं, तर बावधनला भावाकडे निघून जायचं आणि पुन्हा हा उंबरा चढायचा नाही. बॅग माळ्यावरून काढून, पुसून कपाटामागं ठेवलेली होती.

संशयाला आधार नव्हता असं नाही. सगळा हिवाळा आभाळाखाली काढलेला माणूस घरी आला तो उजळून. ऊन लागलेलंच नाही. आणि गुडघे? काळे, राठ, म्हशीच्या कातड्यासारखे. भातलावणीच्या दिवसांतसुद्धा शंभूचे गुडघे असे नव्हते. आभाळातून पडणारा माणूस गुडघ्यांनी काय करतो?

आणि चादरी. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. उभ्या जन्मात स्वतःचा टॉवेल न उचललेला माणूस होळीनंतर रोज सकाळी चादरीची घडी घालायला लागला होता. साधी नाही. कडेला कड लावायची, गुडघा टेकून आतली हवा काढायची, तळहातानं दाबत दाबत टोकापर्यंत जायचं. शेवटी हलकेच थोपटायचं.

ही बाईच्या हातची शिकवण आहे, गौतमीला वाटायचं. तिकडं कुठल्या तरी बाईनं याला

ऊब

"हितं थंडी कुटं हाय?"

रविवारी सकाळी शंभू आणि दिग्विजय ओसरीत फोन घेऊन बसले होते. गौतमी पोह्यांच्या बश्या घेऊन आली ती तिथंच बसली.

"ऊब हुडकायला परदेशात जायचं? हितं स्वेटर घातल्याला माणूस दावा मला. नऊ वाजले की पंखा लावता तुमी."

"अगं, वर," शंभू म्हणाला.

"वर काय?"

शंभूनं दिग्विजयकडं पाहिलं.

"वहिनी, चार किलोमीटर वरून उडी असते," दिग्विजय खूश होऊन सांगायला लागला. "खाली तीस असलं, तर वर चार-पाच. आणि खालीच शून्य असलं तर वर बोटं चालत नाहीत. पॅराशूट उघडायची बोटं! म्हणून युरोपातली मंडळी हिवाळ्यात गरम जागा धरतात. आपल्याकडं ऊब आहे, पण रोज वर नेणारं विमान कुठंय? सुट्टीच्या दिवशी, तेही जमलं तर. तिकडं विमान दिवसभर वर-खाली करतं. ज्याला एका हिवाळ्यात भरपूर उड्या मारायच्यात, त्यानं जायचं कुठं?"

उत्तर बरोबर होतं. पण ते दिग्विजयचं होतं. ज्याला म्हणे या उड्यांचं वेड, तो शंभू मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होता.

"आन् असल्या जागा किती हायेत?"

"बक्कळ! स्पेन, दुबई, इजिप्त, अमेरिकेत ॲरिझोना..."

"मग तुमचं थायलंडच का, हो?"

"सवय हाय," शंभू म्हणाला.

सवय. गौतमीनं बश्या उचलल्या, आणि मोरीत त्या आपटेपर्यंत तिचं ठरलंसुद्धा की

स्पेन

जागा आपण निवडायची.

त्या आठवड्यात तिनं दिग्विजयला जिन्यात गाठलं, गाडीला किक मारताना गाठलं, पाण्याची मोटर लावताना गाठलं. वारा कुठं कसा, ढग कुठं किती, खर्च कुठं झेपणारा. थायलंडला हिवाळाभर कोरडं ऊन. दुबईचं आभाळ स्वच्छ, पण खिसा आठवड्यात रिकामा. ॲरिझोनाला वाळवंट आणि विमानं दोन्ही भरपूर, फक्त व्हिसासाठी बसा वाट बघत. आणि स्पेनच्या दक्षिणेला कोवळं ऊन, मधूनच वारा, पण उतरायला मैदान एवढं मोठं की चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये.

"तुझ्या दादाला जमंल का स्पेन?"

"दादांना? अहो, हिवाळाभर उड्या मारल्यात त्यांनी. आता ते माझ्या पुढं गेले असतील."

संध्याकाळी शंभू पायरीवर नखं काढत बसला होता. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, "औंदा स्पेनला जावा."

त्याचा हात थांबला. "स्पेन नको."

"का?"

"वारा लई."

"दिग्विजय म्हणतोय, चालतोय तेवढा."

"व्हिसा लागतो."

"एजंट काढंल."

"तितलं जेवण..."

"थायलंडात काय पिठलं-भाकरी वाढत्यात?"

शंभूनं नेलकटर मिटलं. "गौतमे, तुला करायचंय काय त्याचं?"

"मी बी येणार हाय." हे तिनं ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "तुमची एक उडी बघायला. लांबनं बघीन, हात हलवीन, आन् गप माघारी येईन."

चोरी सापडली की माणूस आधी चिडतो. शंभू चिडला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला.

दुबई

"मग दुबई?"

"न्हाई."

एवढंच. मग तो गाडी धुवायला गेला. कालच धुतलेली.

इजिप्त, ॲरिझोना

विचारलं नाही. कपाटामागची बॅग ओढून काढली आणि तिच्यात दोन साड्या ठेवल्या.

हॉल

तिसरी साडी हातात होती तेव्हा बाहेर सोफे सरकवल्याचा आवाज झाला.

दिग्विजयनं कुणाकडून तरी वापरलेलं पॅराशूट विकत घेतलं होतं. वरच्या खोलीत मावेना म्हणून त्यानं खालचा हॉल मागितला. आता देवघरापासून दारापर्यंत दोऱ्याच दोऱ्या, आणि पुढं निळं-पिवळं कापड पसरलेलं. सासूबाई, तुळजाबाई, पाय वर घेऊन पलंगावर बसल्या होत्या.

"काय रं पोरा, लगीन हाय का कुणाचं? मांडव काढलाय एवढा!"

"घडी घालतोय, आजी." दिग्विजयला घाम फुटला होता. फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस दोऱ्या सरळ करून दाखवत होता. दिग्विजयनं कापड एका बाजूनं पिशवीत कोंबलं की ते दुसऱ्या बाजूनं फुगून बाहेर यायचं. "तिकडं पैसे देऊन करून घ्यायचो मी. सवयच नाही."

शंभू दारात उभा होता. हातात गाडी पुसायचं ओलं फडकं. गौतमी आतल्या खोलीच्या दारातून त्याच्यावर नजर ठेवून होती, म्हणून तिला ते दिसलं. शंभूची बोटं त्या फडक्यावर चालत होती. कड शोधत होती.

"हो जरा बाजूला," तो दिग्विजयला म्हणाला.

गुडघे टेकले. ते काळे, राठ गुडघे फरशीवर असे बसले, जसे बैल आपल्या दावणीला येऊन बसतात. कडेला कड. कापडाची एकेक चुणी मोकळी करून बाजूला. मग छाती टेकवून, सगळं अंग टाकून हवा काढली. तळहातानं दाबत दाबत टोकापर्यंत. कापड पिशवीत गेलं, दोऱ्या रबरांत अडकल्या, आणि शेवटी त्यानं ती पिशवी हलकेच थोपटली.

चादर, गौतमीच्या मनात आलं. हीच ती चादर.

व्हिडिओतला माणूस अजून दोऱ्याच सरळ करत होता.

"दादा!" दिग्विजय ओरडलाच. "उडी मारणाऱ्यांचा हात एवढा चालत नाही हो. हे तिकडचे घडी घालणारे असतात ना, त्यांचं काम. दिवसभर शेडमध्ये गुडघ्यांवर बसून तेच करतात बिचारे."

शंभूनं मान वर केली नाही. तुळजाबाई म्हणाल्या, "माझं लुगडं बी कुणी एवढ्या मायेनं ठेवलं न्हाई कधी."

दिवसभर. शेडमध्ये. गुडघ्यांवर.

गौतमीच्या हातातली साडी अर्धीच घडी झाली होती.

थायलंड, परत

दिग्विजय पॅराशूट तिथंच ठेवून वर गेला. सासूबाई देवाला फुलं आणायला उठल्या.

"उड्या किती मारल्या?" गौतमीनं विचारलं.

"चार-पाच. मास्तर संगं हुता तवर." शंभू फरशीवरच बसून होता. "मग एकट्यानं जायचं हुतं. दारात बसलो. खाली सगळं भातखाचरागत हिरवं दिसत हुतं. पायच सुटंनात. त्याच विमानातनं माघारी आलो. दुसऱ्या दिशी बी तसंच."

"मग घरी यायचं."

"गावाला सांगून गेल्तो, कसा येणार? शेडमध्ये बसून ऱ्हायचो. तितं एक बाई हुती..."

गौतमी ताठ झाली.

"डोळं वटारू नगं. पोलंडची म्हातारी हाय, आईच्या वयाची. ती घड्या घालायची. मनगाट सुजलं हुतं तिचं. म्हणलं, दे हिकडं. तिनं दावलं तसं करत गेलो. मग रोजच. जेवण मिळतं, निजायला खाट मिळते. दिस कवा मावळतो कळत न्हाई. जमीन गेल्यापासनं पयल्यांदा, गौतमे... माझ्या हातची घडी घेऊन माणूस वर जातो आन् नीट खाली येतो. बघत ऱ्हातो मी."

"गाव काय बोलतंय, ते ठावं हुतं तुमाला?"

"हुतं."

"मग?"

"काय सांगायचं? एवढ्या रानाचा मालक परक्याची कापडं घडी घालतोय, पोटावारी? कुशाबा जगू देईल मला? त्यापरीस त्येंनी ते समजल्यालं बरं. बाप्याला खपून जातं ते."

"तुमाला खपतं," गौतमी म्हणाली. "डेअरीवर मी उभी असते."

इतक्या महिन्यांत शंभूला हे सुचलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिनं आत जाऊन बॅग आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"बावधनला मी जायचं का न्हाई, ते आता तुमच्यावर. उद्या सकाळी ही पिशवी सोडायची, आन् परत घडी घालायची. हितं न्हाई. अंगणात, फाटक उघडं टाकून. कुणी इचारलं तर खरं सांगायचं. मी पायरीवर बसून ऐकणार."

अंगण

दुधाची वेळ. निळं-पिवळं कापड फाटकापर्यंत आलेलं, शंभू गुडघ्यांवर, गौतमी पायरीवर, बॅग तिच्या शेजारी.

कुशाबा किटली हलवत आला आणि फाटकातच थबकला. "आरं शंभ्या! भाडेकरूचं धुणं बी तुझ्याच गळ्यात पडलं व्हय?"

शंभूनं गौतमीकडं पाहिलं. आता म्हणेल, पोराला जरा हातभार लावतोय, तिच्या मनात आलं. म्हणेलच. तिनं बॅगेचा बंद मुठीत घेतला.

"धुणं न्हाई," शंभू म्हणाला. "लोकांच्या पॅराशूटच्या घड्या घालतो. थायलंडात हेच केलं हिवाळाभर. जेवणावर. उडी मारायची छाती झाली न्हाई माझी."

कुशाबानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग गौतमीकडं. मग असा हसला की किटलीचं झाकण वाजलं.

"आरं, थाप मारायची तर जरा बरी तरी मार! थायलंडात जाऊन घड्या घालतोय म्हणं! वहिनी, तुमाला पटतंय का हे?"

"भावजी," गौतमी म्हणाली, "त्या कडेला जरा गुडघा टेका. हवा ऱ्हायलीया आत."

"आँ?"

"टेका की. त्येंचा एकट्याचा हात पुरत न्हाई."

कुशाबानं एकदा रस्त्याकडं पाहिलं, किटली खाली ठेवली, आणि कण्हत कण्हत वाकला. "असं नव्हं," शंभू त्याला सांगू लागला, "अंग टाक. दाबू नगं, टाक."

गौतमी बॅग घेऊन आत गेली. साड्या तिनं बाहेर काढल्या नाहीत. तिकिटं आता दोन लागणार होती, आणि तिकडच्या उन्हात साडी चालेल का, ते दिग्विजयला विचारायचं होतं. शिवाय ती पोलंडची बाई नक्की किती म्हातारी आहे, तेही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.