एकही अक्षर

ज्या रविवारी आर्लनला चर्चमध्ये उभं राहून ‘देवाचं हस्ताक्षर’ या विषयावर बोलायचं होतं, त्या सकाळी त्याची मुलगी जाकिटात थरथरत बसली होती आणि त्याला सोडायला तयार नव्हती.

जाकीट असं की दोन नळ्यांनी यंत्र त्यात हवा मारायचं, आणि छातीत चिकटून बसलेला कफ सुटेपर्यंत अंग हलवत राहायचं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. तेवढ्या वेळात ओपल जे बोलायची ते तुकड्यांनी बाहेर पडायचं.

“डॅ-डॅडी, ते वा-वाक्य पुन्हा.”

आर्लनने कागद वर धरला. “‘डीएनएच्या या गोफात एकही अक्षर उगाच पडलेलं नाही.’”

“ए-एकही?”

“ते वाक्य आपल्या पाळकांनी, ब्रदर हॉयटनी घातलंय, हनी.”

“वा-वाचणार तू.”

तिने हात लांब करून कागदावर दोन बोटं ठेवली. एक ‘एकही’वर, दुसरं ‘नाही’वर. मधे उरलं ते असं:

अक्षर उगाच पडलेलं

“एक बो-बोट तुझं, एक म-ममाचं,” ती म्हणाली.

हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तालुक्याच्या शाळेत तो जीवशास्त्र शिकवायचा, मग घरी तरी गोष्ट लपवायची कशाला? तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात एका जागी तीन अक्षरं गळलेली. गळलेली एक प्रत त्याच्याकडून आली, एक नेल्डाकडून. त्या दोघांना स्वतःला काही झालं नव्हतं. दोन्ही एकत्र आल्या त्या ओपलमध्ये.

“मला ए-एवढंच सांग. माझी ती-तीन अक्षरं त्याने पु-पुसली, की लि-लिहिताना राहिली, की लिहिणारा कु-कुणी नव्हताच?”

पुसली म्हणावं, तर ही पोर ज्याच्यापुढे रोज डोळे मिटते त्याने तिचा श्वास जाणूनबुजून अडवला. कुणी नव्हताच म्हणावं, तर ती आपली अशीच, उगाच.

“तू ते वाक्य वा-वाचलंस,” ओपल म्हणाली, “तर मी च-चर्चमधल्या त्या गोफाच्या शि-शिडीतून तीन पट्ट्या का-काढणार. सगळ्यांस-समोर.”

“ओपल.”

“का-काढणार.”

स्वयंपाकघरातून नेल्डा ओरडली, “ताजी भाजलेली बिस्किटं गार होताहेत! आणि त्याला छळू नकोस गं, आज त्याचा मोठा दिवस आहे!”

नेल्डा. ओपल तान्ही असताना दवाखान्याच्या बाकावर तो तिला म्हणाला होता, ‘ही नाणेफेक आहे, नेल्डा, कुणाचा दोष नाही.’ त्याला धीर द्यायचा होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानेच नाणं उडवलंय. मग ती एका वाक्याला धरून उठली, चालली, तिने पोर वाढवली: ‘देवाने काहीतरी ठरवूनच केलं असणार.’ नाणेफेक हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. फुटबॉलच्या सामन्यातसुद्धा नाणं उडवायच्या वेळी आर्लन उठून पाणी प्यायला जायचा.

कागदाच्या पाठीवर, नेल्डा ट्रक चालवत असताना, आर्लनने पेन्सिलने लिहिलं:

एकही अक्षर उगाच पडलेलं नाही.
बहुतेक अक्षरं उगाच पडलेली नाहीत.
बहुतेक.
अक्षरं आहेत.

यापुढे त्याला लिहिता येईना. चर्चचा सुळका दिसायला लागला होता.

आता चर्चमधली ही माणसं वाईट असती तर किती सोपं झालं असतं! ओपलला दवाखान्यात ठेवलं की घरचा फ्रिज यांच्या भाजलेल्या बटाट्यांनी आणि कोंबडीच्या पातेल्यांनी भरायचा. कुणी न सांगता अंगणातलं गवत कापून जायचं. स्वतःला साधी सर्दी झाली तरी मिस इमोजीन ओपलपासून चार बाकं लांब बसायची आणि तिथून हात हलवायची. ज्यांनी आपलं गवत कापलं त्यांच्यासमोर उभं राहून माणूस काय बोलणार?

चर्चमध्ये पियानोशेजारी डीएनएच्या गोफाचा नमुना उभा होता, आर्लनहून उंच. पोहायला शिकणारी मुलं धरतात त्या फोमच्या दोन लांब नळ्या, आणि मधे पायऱ्या म्हणून रंग ढवळायच्या पट्ट्या. पट्ट्यांना चार रंग. मिस इमोजीन आणि तिच्या मंडळातल्या बायकांनी आठवडाभर खपून केलेला. तो धरून उभं राहायचं काम ओपलचं.

“डॅडी,” ती ओठ न हलवता म्हणाली, “पीळ उलटा आहे.”

“माहीतेय. गप्प.”

“सांग ना त्यांना.”

“आठवडाभर खपल्यात त्या, ओपल!”

ब्रदर हॉयट आधी बोलले. “बंधूंनो, माझ्या ट्रकचा रेडिओ आपोआप जुळून आला असं म्हणाल? कुणीतरी बसून जुळवलाय! आणि जुळवूनसुद्धा वाजत नाही, ती गोष्ट वेगळी!”

हशा. “आमेन!”

“मग हे? हे आपोआप?” त्यांनी उलट्या पिळावर हात ठेवला. “आपले मास्तर सांगतील. ये रे, आर्लन.”

आर्लनने वाचायला सुरुवात केली. पेशी किती लहान, धागा किती लांब, तो किती शहाणपणाने गुंडाळलेला. हे सगळं खरं होतं आणि त्याला मनापासून आवडायचं, म्हणून आवाज चांगला लागला. पहिल्या बाकावर नेल्डा ताठ बसली होती.

“डीएनएच्या या गोफात...”

ओपलने एक पट्टी काढली. मग शेजारची. तिसरीवर हात ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

“या गोफात एकही...”

त्याने कागद खाली ठेवला.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “हे कुणी लिहिलं, मला माहीत नाही. कुणी लिहिलंय का, तेही माहीत नाही. माझ्या मुलीत तीन अक्षरं नाहीत. ती का नाहीत, हे मी पुस्तकांना विचारलं, गुडघे टेकून वर विचारलं. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. मी इथे उभा राहून तुम्हाला खोटं...”

चर्चमध्ये पंखा तेवढा वाजत होता. बोललो, त्याला वाटलं. झालं आता. उद्यापासून आपलं गवत आपण कापायचं.

“आमेन,” मिस इमोजीन म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“आमेन,” मागच्या बाकावरून.

“आमेन! आमेन!”

ब्रदर हॉयटनी त्याला मिठीत घेतलं. “ऐकलंत? एवढा शिकलेला माणूस म्हणतो, मला माहीत नाही! आपल्याला कुठलं माहीत असणार? माहीत त्याला आहे!”

“नाही, ब्रदर हॉयट, ऐका, मी म्हणतोय की...”

पियानो सुरू झाला. सगळे उठून गायला लागले. दाराकडे जावं, तर दारात हात मिळवायला रांग. नेल्डाने त्याचं कोपर घट्ट धरलं. “इतकं सुंदर तू कधीच बोलला नव्हतास,” ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाचा हात हातात घेतला.

उन्हं कलल्यावर ओपल पुन्हा जाकिटात बसली. आर्लनने यंत्र चालू केलं.

“मी ऐ-ऐकलं,” ती म्हणाली.

“काय?”

“आ-आमेनच्या आ-आधीचं.”

“तुला उत्तर तर मिळालं नाही.”

“ना-नाही,” ती म्हणाली. “ति-तिसरी पट्टी मी नाही का-काढली.”

“पाहिलं मी.”

त्याने तिच्या कपाळाचा पापा घेतला. खारट, नेहमीसारखा. या आजारात घामातून मीठ जास्त जातं; ही मुलं खारटच असतात.

नेल्डा फोन हाताने झाकून दारात आली. चेहरा नुसता उजळलेला. “अरे, नदीपलीकडच्या चर्चलाही तू हवा आहेस, येत्या रविवारी! ब्रदर हॉयट म्हणतात, बाकीचं नको. फक्त ते शेवटचं, ‘मला माहीत नाही’वालं. जसंच्या तसं. हो म्हणू ना?”

ओपलला हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकल्याबरोबर कफ सुटायला लागला. आर्लनने तिच्या हनुवटीखाली भांडं धरलं आणि दुसऱ्या हाताने पाठ थोपटली. यंत्राची थरथर मनगटातून त्याच्या खांद्यापर्यंत चढली.

“आर्लन? ते थांबलेत फोनवर.”

“हो-हो,” आर्लन म्हणाला.