झेंडूसारखा पिवळा

सुपडूने कालवलेल्या चुन्यात पिवडीची शेवटची मूठ टाकली आणि काठीने ढवळायला घेतलं. उंबऱ्यात बसून त्याची बायको तापीबाई बघत होती.

“आते कोणासाठे रंग दी ऱ्हायनात?”

“भित अर्धी ऱ्हायनी शे,” तो म्हणाला आणि कुंचला बुडवला.

वीस वर्षं त्याने रनाळ्यापासून नंदुरबारपर्यंत लोकांची घरं रंगवली. स्वतःच्या घराला मात्र शेणामातीचं सारवण. यंदा एकुलत्या एका लेकीचं, जमनाचं लग्न कार्तिकात ठरलं, तेव्हा मिश्रीलाल शेटजींनी आपल्या घराचा रंग झाल्यावर उरलेली पिवडी त्याला देऊन टाकली. “झेंडूना मायेक पिवळं कर, बा,” जमना म्हणाली होती. दाराच्या उजवीकडची भिंत झाली, त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. एकोणीसशे अठरा सालच्या साथीचा तो ताप. गावातून रोज दोन-तीन तिरड्या निघत. चौथ्या दिवशी जमना गेली. खांदा द्यायला धड चार माणसंही मिळाली नाहीत.

सुपडू रडला नाही. बसवलं तिथे बसला, उठवलं की उठला. कालच बारावा झाला. आज सकाळी त्याला एवढंच आठवलं, की डावीकडची भिंत राहिली आहे.

दुपारपर्यंत रंगाचे दोन हात झाले. तो कुंचला धूत असतानाच दारात बैलगाडी थांबली. नथ्थू, त्याचा व्याही, हसतच खाली उतरला. मागून पोरगा, नवरदेव, मान खाली घालून उभा राहिला. त्यांचं गाव चार कोसांवर. निरोप पाठवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी नेणार कोण?

“काय रंग दिधा, व्याही! पार नालावरथीन दिखी ऱ्हायना!” नथ्थू म्हणाला. “नवरीनं लुगडं लयनूत.”

सुपडूने हात धोतराला पुसले.

“पोर गई, नथ्थूभाऊ. तापमा गई.”

नथ्थूने भिंतीकडे पाहिलं, मग सुपडूकडे. डोक्यावरचं पागोटं काढून तो ओट्यावर बसला. पोरगा गाडीच्या चाकाला धरून उभाच राहिला. जमनाला त्याने एकदाच पाहिलं होतं.

तापीबाई पाणी घेऊन बाहेर आली.

“भाकर टाकस. भूक्या तोंडे जावानं नही.”

बापलेक जेवले. निघताना नथ्थूने लुगड्याचं गाठोडं तिच्यापुढे ठेवलं.

“तिन्हंच शे, विहीणबाई.”

तापीबाईने गाठोडं सोडलं. हिरवं लुगडं होतं. तिने काठावरून एकदा बोट फिरवलं, गाठ पुन्हा नीट बांधली आणि गाठोडं नथ्थूच्या हातात दिलं.

“दुसरी पोर देखशात ना, तिले द्या. घडी आजून मोडेल नही.”

सुपडू गाडीपुढे चालत नाल्यापर्यंत गेला.

“फिर आते मांगे, व्याही,” नथ्थू म्हणाला.

“मधमा खड्डा शे,” सुपडू म्हणाला. तो गुडघाभर पाण्यात उतरला, बैलाची वेसण धरली आणि खड्डा चुकवत गाडी पलीकडच्या काठाला लावून दिली.