लेट्रिमचा झेंडा

खर्रर्र करून आईनं खिडकीचा पडदा वर गुंडाळला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. माझ्या लेकीच्या, उनाच्या तोंडाशी नेलेला चमचा माझ्या हातात तसाच राहिला. सेंट पॅट्रिकच्या, म्हणजे आम्हा आयरिश लोकांच्या संताच्या दिवशी आमच्याकडे रस्त्याकडचा पडदा कधीच वर जात नसे. सकाळी चर्च, मग घरी भाजलेला सोड्याचा पाव, आणि खालून हिरव्या टोप्या घालून ओरडत जाणारी पोरं दिसायला नकोत म्हणून दिवसभर पडदा खाली. "तिकडे आयर्लंडमध्ये हा देवाचा दिवस होता, इथं तमाशा केलाय," आई दरवर्षी म्हणायची. त्यामुळे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मून, इथेच वाढून, मी त्या दिवसाची परेड कधी पाहिली नव्हती.

"पोरीला जाड मोजे घाल," आई म्हणाली. "अ‍ॅव्हेन्यूवर परेड बघताना वारा लागतो."

"तुला काय माहीत? तू कधी गेलीस?"

"तोंड कमी चालव, ग्रॉन्या. गाडी चुकेल."

का जायचं ते मी विचारलं नाही. रविवारी चर्चच्या तळघरात चहा पिताना कुणीतरी म्हणालं होतं की ईस्टर झाला की अ‍ॅट्रॅक्टा कायमची आयर्लंडला परत चालली. अ‍ॅट्रॅक्टा म्हणजे माझी मावशी, आईची सख्खी थोरली बहीण. राहते चार रस्ते पलीकडे.

तिकडे आयर्लंडमध्ये, आमच्या लेट्रिम परगण्यात आजी गेली तेव्हा मी आईच्या पोटात होते आणि डॉक्टरांनी आईला विमान बंद केलं होतं. मावशी एकटीच गेली, आईला न कळवता. आमच्यात माणूस गेलं की दोन-तीन दिवसांत मातीत. सगळं उरकून परत आल्यावर तिनं आईला सांगितलं. "तुझ्या पोटातल्या जिवाला धक्का नको म्हणून," ती म्हणाली. आई म्हणाली, "माझीही आई होती ती." ते दोघींमधलं शेवटचं बोलणं. तेव्हापासून चर्चमध्ये एक डावीकडे बसते, एक उजवीकडे, एकमेकींकडे न बघता. उना झाल्यापासून मी कधी हिच्या बाजूनं विचार करून बघते, कधी तिच्या. दोन्हीकडून रडूच येतं.

मावशी दरवर्षी परेडमध्ये आमच्या परगण्याच्या झेंड्याची काठी धरून चालते, एवढं मला ठाऊक होतं.

गाडीत आई म्हणाली, "ती दिसली की तू हाक मार. मी मारायला गेले तर आवाज फुटायचा नाही."

"मारीन की. सगळ्या अ‍ॅव्हेन्यूला ऐकू जाईल अशी."

"जास्त नाटक नको," ती म्हणाली, पण माझा हात तिनं उतरेपर्यंत सोडला नाही.

लोखंडी कठड्याला लागून आम्हाला जागा मिळाली. शेजारी घडीच्या स्टुलावर आयर्लंडमधल्याच केरी परगण्याचे एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी आईला आपलं स्टूल दिलं आणि लगेच वसूल करायला लागले.

"बोलण्यावरून लेट्रिमच्या का? तिथं अजून माणसं राहतात?"

"राहतात हो. केरीवाले बोलायचे थांबले की आमचा आवाजही येतो."

म्हातारबुवा खोकला येईपर्यंत हसले. आईला मी परक्या माणसाशी असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. गाल लाल झाले होते तिचे.

तेवढ्यात उनाला शू आली.

"जा घेऊन," आई म्हणाली. "आपला लेट्रिम शेवटी असणार. फुटबॉल म्हणू नको, रस्ते म्हणू नको, आम्ही कशातही शेवटीच."

"केरी गेल्याशिवाय यांना कोण सोडतंय!" म्हातारबुवांनी री ओढली.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात शौचालयापुढे हिरवे केस लावलेल्या पोरींची ही रांग. उनाच्या अंगावर थंडीसाठी मीच घातलेले एकावर एक कपडे. परत आले तर आई स्टुलावर नव्हती, कठड्याला धरून उभी होती. म्हातारबुवांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई, चुकलंच," ते हळूच मला म्हणाले. "परगण्यांचा क्रम दरवर्षी फिरतो. यंदा लेट्रिम पुढे होता. झेंडा धरलेल्या त्या बाई इथूनच गेल्या, हातभर अंतरावरून. तुमच्या आईंनी हात वर केला, तोंडही उघडलं..."

"म्हातारी झाली गं," आई रस्त्याकडेच बघत म्हणाली. "उजवा पाय ओढते."

मी उनाला कडेवर घेऊन गर्दीतून पळाले. पुढच्या चौकात पोलिसानं अडवलं. दूरवर झेंड्याची पाठ दिसत होती. "मावशी!" मी ओरडले, पुन्हा ओरडले. ढोलांनी सगळं गिळलं. जवळच्या दोन-चार बायांनी तेवढं वळून पाहिलं.

"मग तिच्या घरीच जाऊ," परत आल्यावर मी म्हटलं. "आजच. चार रस्ते तर आहेत."

"रस्त्यात गाठ पडणं वेगळं, बाळ. दारात जाणं वेगळं." तिनं स्टूल मिटून म्हातारबुवांना दिलं, आभार मानले. "माझ्यानं नाही व्हायचं."

गाडीत आई खिडकीशी बसली, डोळे मिटून. झोपली नव्हती. मी शौचालयाच्या रांगेतून पुढे घुसायला हवं होतं, आईला सोबत न्यायला हवं होतं, उनाला घरीच ठेवायला हवं होतं... उना मांडीवर चुळबुळत होती. मग माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आजीनं तिला हाक का नाही मारली? आजीला तिचं नाव येत नाही?"