काकूंच्या रुमालातलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं प्रवासाचं कार्ड आहे. रंग उडालाय, एक कोपरा दुमडलाय. कारखान्यात प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये केसाएवढी तार आणि तिळाएवढी चिप घालून मला दाबलं आणि स्टेशनवर विकायला ठेवलं.

मला घेतलं दूरच्या देशातून कामाला आलेल्या एका काकांनी. ते गोदीत वेल्डिंग करायचे. सहा वर्षं त्यांनी मला शर्टाच्या खिशात जपलं. "हे आहे म्हणून मी या शहरात हिंडतोय," असं कौतुकाने सांगायचे. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या खोलीतला माणूस दचकावा. पुढे त्यांच्या गळ्यातच गाठ निघाली.

बातमी कळताच काकू देशाहून धावत आल्या. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या, इथल्या भाषेचा गंध नाही. काकांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून मला त्यांच्या हातात दिलं.

"आत जाताना एकदा टेकवायचं, बाहेर पडताना एकदा."

"अहो, मी काय कुकुलं बाळ आहे?" काकू म्हणाल्या. पण मला रुमालात बांधून त्यांनी दोन गाठी मारल्या. पुढचे काही दिवस स्टेशनचं फाटक उघडलं की त्या हळूच पुटपुटायच्या, "उघडलं गं बाई!"

एका संध्याकाळी काकांनी त्यांना जवळ बसवलं. "परवा सकाळी ऑपरेशन आहे. जीव वाचेल. आवाज मात्र जाणार."

काकूंनी त्यांची चादर नीट सारखी केली.

"आज दमलोय मी. उद्या ये. पोटभर बोलू."

परतताना काकूंना पुढचं दिसत नव्हतं. स्टेशनवर तोबा गर्दी होती, म्हणून पहारेकऱ्याने कडेचं फाटक उघडं ठेवलं होतं. लोंढ्याबरोबर त्याही बाहेर पडल्या. मला टेकवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधीच निघाल्या. मला फाटकावर टेकवलं. लाल दिवा. पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. मागचे लोक चुकचुकत दुसऱ्या रांगेत गेले. काचेआडच्या माणसाने काहीतरी विचारलं. काकूंना येत होता तो एकच शब्द त्या म्हणत राहिल्या, "हॉस्पिटल, हॉस्पिटल." त्याने बोटाने तिकिटाचं यंत्र दाखवलं आणि मान खाली घातली. यंत्रावरचं एक अक्षर त्यांना वाचता येईना.

मित्रांनो, मला कारण माहीत होतं. कालचा प्रवास माझ्या पोटात अर्धवट अडकला होता. पण मला तोंड कुठे होतं?

काकू चालत निघाल्या. दोनदा रस्ता चुकल्या. पोचल्या तेव्हा भेटीची वेळ कधीच संपली होती. नर्सला दया आली, तिने दाराच्या काचेतून दाखवलं. काकांना झोपेचं औषध दिलं होतं. काकू काचेला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

ऑपरेशनच्या सकाळी स्टेशनच्या फाटकापाशी फरशी पुसणाऱ्या एका बाईने त्यांचं रडणं पाहिलं. तिने हात धरून त्यांना खिडकीशी नेलं, मला आत सरकवलं, दोन वाक्यं बोलली. लगेच हिरवा दिवा लागला. एवढंच काम होतं ते.

ऑपरेशन पार पडलं. चार दिवसांनी काकांना लिहायला पाटी मिळाली. त्यांनी लिहिलं, "त्या दिवशी वाट पाहिली."

काकूंनी सगळं सांगितलं. मग घाबरत विचारलं, "काही महत्त्वाचं सांगायचं होतं का हो?"

काकांनी पाटी पुसली. मग सावकाश लिहिलं,

"सांगायचं काही नव्हतं. एकदा तुला हाक मारायची होती."

काकूंनी पाटी छातीशी धरली. ती अक्षरं त्यांनी कोणाला पुसू दिली नाहीत. नर्सने काकांना दुसरी पाटी आणून दिली.

महिन्याभराने दोघं आपल्या देशी परतले. मी काकांच्या जुन्या खोलीतल्या खणात राहून गेलो, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी. इथे आता नवी कार्डं आलीत म्हणे, मला कुठलंच फाटक ओळखणार नाही. त्याचं मला दुःख नाही. पण एक मागणं आहे. कुणी परका माणूस कार्ड हातात घेऊन अडलेला दिसला, तर बाजूने निघून जाऊ नका. दोन मिनिटं थांबा, त्याला विचारा. त्याची कुणीतरी वाट पाहत असेल.